रखमाच्या कागदावरची माती

"मॅडम, एक पत्र टाइप करून देता काय?"

लोखंडे सिस्टर दारातच उभ्या होत्या. चपला काढाव्या की नको अशा. एरवी त्या गुडघ्यांना शिव्या घालत आत यायच्या आणि खुर्चीत टेकल्यावर शेजारच्या किराणा दुकानात ऐकू जाईल असा सुस्कारा सोडायच्या. त्या गुरुवारी दुपारी त्यांनी सुस्कारासुद्धा सोडला नाही.

"कुणाला पत्र?"

"डॉक्टरास्नी. माझं अक्षर आता कुणाला लागंना."

माझ्या समोरच्या स्क्रीनवर त्या वेळी रखमा नावाच्या एका बाईची नोंद उघडी होती. ती मी झटकन मिटली आणि कोरं पान उघडलं. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. पण ते बोट किती पटकन हललं, ते मला अजून आठवतं.

मी पुण्याहून दोन महिन्यांसाठी म्हणून आले होते आणि चौथा संपत आला होता. कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या आसपास एक संस्था ऊसतोड करणाऱ्या बायकांसाठी फिरता दवाखाना चालवायची. गाडी एक, डॉक्टर एक, शिरगुप्पे नावाचे, नर्स एक, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या लोखंडे सिस्टर, आणि तळ चोवीस. तळ म्हणजे मोकळ्या रानात पाचटाच्या कोप्या घालून केलेली वस्ती. मराठवाड्यातून आलेल्या टोळ्या तिथे सहा महिने राहायच्या. तपासायच्या बायका शेकड्यांनी आणि गाडी एकच, त्यामुळे आज गाडी कुठल्या तळावर न्यायची, हा रोज सकाळचा वाद. तो मिटवायला मला बोलावलं होतं. सिस्टरनी तळावर टॅबमध्ये नोंद करायची आणि सकाळी ऑफिसच्या स्क्रीनवर धोक्यातल्या बायका लाल रंगात वर यायच्या, असं वेब ॲप्लिकेशन मी बनवत होते.

डेटाबेस कुठला घ्यायचा यावर मी पुण्यात दोन मीटिंगा भांडले होते. नेहमीच्या डेटाबेसमध्ये तक्ते असतात आणि सगळ्यांना सारखेच रकाने. इथे एकीची चार बाळंतपणं, एकीचं पहिलंच, एकीचा नवरा दुसऱ्याच कारखान्यावर. अर्धे रकाने ओस पडणार आणि जे सांगायचं त्याला रकानाच नसणार. म्हणून मी डॉक्युमेंट डेटाबेस घेतला. त्यात प्रत्येकीचा स्वतंत्र कागद. नाव, वय, मोबाइल नंबर, महिना, रक्त एवढं सगळ्यांचं घ्यायचं. त्यापलीकडे वाटेल तो रकाना जागेवर तयार करायचा, त्याला नाव द्यायचं आणि लिहायचं.

सिस्टरना हे पहिल्याच दिवशी कळलं. "म्हणजे माझी वहीच की वो ही!" त्या म्हणाल्या. "वहीत मी समासात लिवते, हितं रकाना काढायचा. येवढंच ना?"

त्यांची ती निळ्या पुठ्ठ्याची लांब वही मी पाहिली होती. समास मजकुरापेक्षा भरलेले. टॅबवरही त्यांनी तेच सुरू केलं. 'सासू : सोबत नाही.' 'नवरा : ऐकतो.' 'दात : दुखतात म्हणून भाकरी खात नाही.' असले रकाने जगातल्या कुठल्याही इंजिनिअरला सुचले नसते. मी ते पुण्याला फोन करून वाचून दाखवायचे आणि आम्ही हसायचो. कौतुकानेच हसायचो, पण हसायचो.

दिवाळीनंतर मी त्यांची वही बंद करायला लावली.

"दोन-दोन ठिकाणी कशाला लिहिताय, सिस्टर? दमता तुम्ही."

"दमते खरं. पण हात सवयीचा हाय ना."

"सवय मोडा आता. सगळं इथे सुरक्षित आहे."

त्यांनी वही माझ्याकडे दिली आणि मी ती कपाटात ठेवली. त्या पासष्टीच्या होत्या, मी चौतिशीची. मला वाटलं, मी त्यांचा भार हलका केला.

आता त्या गुरुवारच्या आधीच्या सोमवारची गोष्ट. सकाळी साडेआठला गाडी निघायच्या वेळी मी स्क्रीन बघून यादी वाचली. तीन तळ लाल होते. सिस्टर पायरीवर बसून चहा पीत होत्या, त्या मध्येच थांबल्या.

"मॅडम, आणखी एक हाय बघा. शुक्रवारी मी एका पोरीला म्हटलंय, सोमवारी गाडी घेऊन येते, तुला रक्त चढवायला न्यायचंय. तोवर वाकायचं काम करू नको म्हटलंय."

"नाव काय?"

"द्वारका. द्वारकाच. चुलीची माती खाती ती. पण तळ कुठला वो? मिसाळांची टोळी का खाड्यांची? शुक्रवारी पाच तळ केले मी, सत्तर बाया बघितल्या."

मी 'द्वारका' टाकून शोधलं. दोन द्वारका निघाल्या, एक पंचेचाळिशीची आणि एकीचं रक्त ठणठणीत. मिसाळांची टोळी उघडली. 'धोक्यातल्या : ०.' खाड्यांची उघडली. तिथेही शून्य.

"नाही दिसत, सिस्टर. भरलं होतं ना तुम्ही?"

"भरलं असणार की." मग जरा वेळाने, "भरलं असंल ना?"

"इथे नाही म्हणजे भरलं नसेल. किंवा ती गेल्या आठवड्यातली कुणीतरी असेल."

डॉक्टर गाडीत बसले होते. त्यांनी हॉर्न वाजवला. सिस्टरनी कप खाली ठेवला, कपाळ चोळलं, कपाटाकडे एकदा पाहिलं, आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या. गाडी लाल तळांकडे गेली. मिसाळांचा तळ उलट्या दिशेला होता.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. सोमवारी द्वारका खाडा करून, म्हणजे कामावर न जाता, रस्त्याच्या कडेला बसून राहिली. उन्हं कलेपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाडा करायची सोय नव्हती, तिचा नवरा एकटा पडत होता. मंगळवारी ती उसाच्या फडात गेली. आठवा महिना होता. मोळी उचलताना कळा सुरू झाल्या आणि तिथेच बाळंत झाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ग्रामीण रुग्णालयात नेलं. ती वाचली, बाळ नाही वाचलं. मुलगी होती.

बुधवारी सिस्टर तिला बघून आल्या. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टरकडून नोंद राहिली. वय झालंय त्यांचं, आपण जास्त ओझं टाकलं. मी काही बोलणार नाही त्यांना." मी मान हलवली. मलाही तसंच वाटत होतं, हे खरं सांगते. बुधवारपर्यंत माझं मन स्वच्छ होतं.

गुरुवारी सकाळी, काय वाटलं कुणास ठाऊक, मी मिसाळांची टोळी पुन्हा उघडली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मिसाळांचे बारा कोयते, म्हणजे बारा बायका. त्यातल्या गरोदर सात-आठ तरी. स्क्रीनवर एकच कागद होता, रखमाचा.

'रखमा. वय सव्वीस. महिना चौथा. रक्त ११.२.' धोका काही नाही. मी पान खाली सरकवलं. खाली सिस्टरनी स्वतः काढलेले दोन रकाने होते.

'पाय : दोन्ही सुजलेत. बोट रुततं.'

'माती : चुलीची खाते. रोज. विचारलं तर हसते.'

माती खायची ओढ अंगात रक्त कमी असलं की लागते. अकराच्या वर रक्त असलेली बाई ती कशाला खाईल? कागदावर मोबाइल नंबर होता. मी तो लावला.

"हां, मिसाळ मुकादम बोलतोय!"

"रखमा आहे का तिथे?"

"फडात हाय. कोन बोलतंय?"

"हा नंबर रखमाचा नाही?"

"माजा हाय की ताई. समद्या टोळीचा ह्योच. बायांकडं कुठला आलाय फोन?"

मी फोन ठेवला. कागद ओळखायला काहीतरी खूण लागते. मी मोबाइल नंबर घेतला होता. एका नंबराचा एक कागद. तळावर रेंज यायची-जायची, तीच नोंद दोनदा-तीनदा येऊन पडायची. म्हणून मी अशी सोय केली होती की त्या नंबराचा कागद आधी असला तर नवा करायचा नाही, जुन्यावरच नवी माहिती चढवायची. एकही नोंद दुबार होत नाही, हे मी डॉक्टरांना दोनदा दाखवलं होतं, इतकं मला त्याचं कौतुक.

शुक्रवारी सिस्टरनी मिसाळांच्या आठ बायका तपासल्या आणि आठही जणींपुढे मुकादमाचा नंबर घातला. पहिली द्वारका. तिच्यावर दुसरी चढली, दुसरीवर तिसरी. दर वेळी नाव, वय, महिना, रक्त पुसलं गेलं आणि नवं आलं. शेवटची रखमा. फक्त सिस्टरनी स्वतः काढलेले ते दोन रकाने पुढच्या कुणाकडे नव्हते, त्यामुळे ते पुसायला कुणी आलं नाही. द्वारकेचे सुजलेले पाय आणि तिची माती तेवढी रखमाच्या कागदावर राहून गेली.

आणि मग मला सप्टेंबरमधली दुपार आठवली. शिकवताना सिस्टरनी विचारलं होतं, "नंबर नसला तर वो?" मी स्क्रीनवरून मान न उचलता म्हटलं होतं, "घरातल्या कुणाचाही टाका." गावापासून तीनशे किलोमीटरवर, सहा महिने, घर म्हणजे टोळी. त्यांनी माझं ऐकलं होतं.

दुरुस्ती करायला मला पाऊण तास लागला. फक्त पाऊण तास. गेलेले कागद मात्र परत येणार नव्हते. जिथे जिथे मुकादमाचा नंबर पडला होता तिथल्या सगळ्या बायका पुन्हा तपासायला हव्या होत्या, आणि त्या लवकर तपासायला हव्या होत्या. याचीही वाट मी काढली. डॉक्टरांना सांगायचं, नवीन आवृत्ती आली आहे, सगळ्या नोंदी नव्याने घ्याव्या लागतील. कुणी का म्हणून विचारलं नसतं. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. बायकाही सुटतील आणि मीही सुटेन. फार थकले होते हो मी. चार महिने लॉजवरचं खाणं, पित्त, पुण्याहून रोज 'कधी येतेस' म्हणून फोन. थकलेल्या माणसाला आपली सुटका फार लवकर दिसते.

तेवढ्यात सिस्टर दारात आल्या.

"हां, सांगा," मी म्हटलं.

"प्रति, माननीय डॉक्टर शिरगुप्पे साहेब यांस." सिस्टर ताठ बसून सांगत होत्या, सरकारी नोकरीत एकतीस वर्षं ऐकलेल्या भाषेत. "विषय, माझ्याकडून झालेली हयगय."

मी टाइप केलं.

"मी, श्रीमती इंदुमती दत्तात्रय लोखंडे, निवृत्त आरोग्यसेविका, लिहून देते की, गेल्या शुक्रवारी मिसाळ टोळीतील द्वारका हिची तपासणी मी केली होती. परंतु तिची नोंद करण्याचे माझ्याकडून राहून गेले." त्या थांबल्या. "न्हाई, 'राहून गेले' नको. ते खोडा. 'मी विसरले' असं लिवा. राहून गेलं म्हणजे काय, आपोआप राहतंय व्हय?"

मी 'राहून गेले' खोडलं. 'मी विसरले' असं लिहिलं.

"सदर बाईस मी सोमवारी येते असे सांगून गेले नाही. त्यामुळे तिचे नुकसान झाले." पदराने तोंड पुसून त्या म्हणाल्या, "एकतीस वर्षांत माझी एक नोंद चुकली न्हाई हो मॅडम. पोलिओच्या डोसाची सुद्धा न्हाई. ते लिवू नका. ते आपलं तुम्हाला सांगितलं."

"हो."

"माझे आता वय झाले आहे. माझ्या विसरण्याने आणखी कुणाचे नुकसान होऊ नये म्हणून मला या कामातून मोकळे करावे, ही विनंती. आपली विश्वासू."

मी 'आपली विश्वासू' लिहिलं. खाली त्यांचं नाव लिहिलं. प्रिंटर कुरकुरला आणि कागद बाहेर आला. मी तो त्यांच्यापुढे ठेवला, वर पेनही दिलं. टोपण काढून दिलं. त्यांनी सावकाश, शाळेतल्यासारखी, पूर्ण नावाची सही केली.

"आता हे डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. मी जरा द्वारकेकडं जाऊन येते. काल तिला म्हटलं, माय, माझी चूक झाली, मी विसरले तुला. रागावली असती तर बरं झालं असतं. ती आपली एवढंच म्हटली, 'म्या वाट बघितली.' एकोणीस वर्षांची पोर हाय वो. मी हिला विसरले कशी, हेच मला रात्रंदिवस…" त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि उठायला गुडघ्यावर हात ठेवला.

"सिस्टर, बसा."

"आं?"

मी रखमाचा कागद पुन्हा उघडला आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. तोंडाने सांगायचा मला धीर झाला नाही. त्यांनी गळ्यातला चष्मा लावला, नाव वाचलं, वय वाचलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मी खाली बोट दाखवलं. त्या ओठ हलवत वाचू लागल्या. 'विचारलं तर हसते' पर्यंत आल्या आणि त्यांचा हात तोंडावर गेला.

"हे मी लिवलंय."

"हो."

"ही द्वारका हाय. ही रखमा न्हवं. रखमा कशाला माती खाती?"

"हो. तुम्ही भरलं होतं सगळं. एका नंबरामुळे माझ्या ॲप्लिकेशनने तिच्यावर बाकीच्या बायका चढवल्या. चूक माझी आहे. तुम्ही विचारलं होतं मला, नंबर नसला तर काय करायचं."

"म्हणजे मी विसरले न्हाई?"

"नाही."

"मी लिवलं होतं?"

"तुम्ही लिहिलं होतं, सिस्टर."

त्यांनी चष्मा काढला आणि तो पदराने पुसत राहिल्या. रडल्या नाहीत. त्यांचे खांदे तेवढे खाली आले, दोन दिवस वर धरून ठेवल्यासारखे होते ते. मला वाटलं, आता सुटले मी. मग त्यांची नजर टेबलावरच्या पत्रावर गेली. सहीची शाई अजून ओली होती.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"आज सकाळी."

"सकाळी." त्यांनी पत्र हातात घेतलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि अगदी साध्या आवाजात, खरंच न समजून विचारलं, "मग टाइप कशाला केलंसा?"

मी पेनाला टोपण लावलं. त्यांनी वाट पाहिली. मग पत्राची चौघडी केली आणि पिशवीत टाकली.

"कपाटातली वही काढा माझी," त्या म्हणाल्या. "आणि चला. डॉक्टरांना सांगा, मग द्वारकेला सांगायचंय. तुम्ही सांगायचं, मी न्हाई."

डॉक्टरांना मी व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, चष्मा कपाळावर चढवून एवढंच म्हणाले, "उद्यापासून चोवीस तळ परत." पुढचे अकरा दिवस आम्ही ते केले. सिस्टर वहीत लिहायच्या, मी शेजारी बसून टॅबमध्ये भरायचे, नंबराशिवाय. पुसल्या गेलेल्या बायकांत द्वारकेसारख्या आणखी दोघी निघाल्या. दोघींनाही वेळेत रक्त मिळालं. त्या अकरा दिवसांत सिस्टर माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलल्या, माझ्या डब्यात लोणचं घातलं, तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. मी मात्र रोज गाडीत उत्तर जुळवत बसायचे. त्यातलं एकही त्यांना सांगण्याजोगं नव्हतं.

पण त्या गुरुवारी डॉक्टरांकडून आम्ही थेट रुग्णालयात गेलो. द्वारका भिंतीकडच्या खाटेवर होती. हाताला सलाइन, पायांवर कुणाची तरी चौकड्याची चादर. ओठ पांढरे. सिस्टरना बघून तिने उठायचा प्रयत्न केला, सिस्टरनी तिला दाबून झोपवलं आणि तिच्या पायाशी बसल्या. मी उभीच राहिले.

मी तिला सांगितलं. डेटाबेस, नंबर हे शब्द काढून टाकले की सांगायला फारसं उरतच नव्हतं. म्हटलं, सिस्टरनी तुझं सगळं लिहिलं होतं, नाव, रक्त, पाय, माती, सगळं. मी जी यादी बनवली तिच्यात तुझ्यावर दुसऱ्या बायका लिहिल्या गेल्या. म्हणून गाडी आली नाही. ती माझी चूक आहे, सिस्टरची नाही.

मला वाटलं होतं ती शिव्या देईल, किंवा रडेल, किंवा बाळाचं काहीतरी बोलेल. त्या सगळ्यासाठी मी तयारी करून आले होते. द्वारकेने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सिस्टरकडे बघत होती. सलाइन नसलेला हात तिने चादरीखालून काढला आणि सिस्टरच्या मनगटावर ठेवला.

"म्हंजी," ती म्हणाली, "तुमी मला इसरल्या नव्हत्या."